खिडकीतली लोकल

कामाला बसले की ते आधी एक पिवळी चिठ्ठी घ्यायचे, मागं गोंद असलेली, आणि स्क्रीनवरच्या माणसाच्या तोंडावर चिकटवायचे. नगरसेवक असो, नवरी असो, कंपनीचा मोठा साहेब असो, तोंडावर चिठ्ठी. मग निवांत त्याच्या मागचं काम सुरू. मी नवीन होते तेव्हा विचारलं, "सर, हे काय?"

"त्याच्या तोंडाकडं बगायला सगळं गाव हाय, बाई," ते म्हणाले. "मागं कोण बगायलंय?"

ते बीडकडचे. लेकीच्या वयाच्या मुलीला 'बाई' म्हणायची त्यांच्याकडची रीत. सुरुवातीला मला ते टोचायचं, मग कानाला सवय झाली. स्टुडिओत आम्ही त्यांना सर म्हणायचो. कारण आमच्याकडं हातात माउस असलेला प्रत्येक माणूस सरच होता.

स्टुडिओ चिखलीत. खाली फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, वर आम्ही. व्हिडिओत माणसाच्या मागं जे दिसतं ते बनवायचं, एवढाच धंदा. कंपनीच्या ट्रेनिंग फिल्ममागची निळी भिंत, लग्नाच्या स्क्रीनवरचा महाल, बारशाचे फुगे, श्रद्धांजलीचं आकाश. काही चित्रं स्थिर, काही हलती. हलतं चित्र म्हणजे छोटासा तुकडा असतो, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि जोड कुठं आहे ते कळता कामा नये. याला आम्ही लूप म्हणतो. सरांच्या लूपचा जोड मला कधी सापडला नाही. मी हट्टानं शोधायचे, तरी नाही.

तरुणपणी ते गावोगावच्या फोटो स्टुडिओंसाठी कापडी पडदे रंगवायचे. बाग, कारंजं, विमान, पुढं खुर्ची. मोबाइल आले, फोटो स्टुडिओ बुडाले, आणि हे पडद्यावरून कॉम्प्युटरवर आले. एकटेच राहायचे. बायको होती का, गेली का, झालीच नव्हती का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. डब्याला बसतानासुद्धा आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड. स्टुडिओचे मालक, आमचे शेठ, म्हणायचे, "काका, रुसलाय का?" तर म्हणायचे, "न्हाई ओ, भिंत बगायलो. ओल कशी वर चढायली ते बगा."

माणसं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, माणसांच्या मागचं राहायचं. "त्यांचा फोन येऊन गेला," असं म्हणाले की आम्ही विचारायचो, "कोण?" तर, "ते, ज्यांच्या मागं कॅलेंडर उलटं हाय." एकदा शेठच्या सख्ख्या भावाला त्यांनी ओळखलं नाही. तो आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला तेव्हा म्हणाले, "हां हां, तुमी व्हय!"

आणि त्यांची चहाची परीक्षा. नवीन लूप झाला की तो मोठ्या स्क्रीनवर लावायचे आणि सगळ्यांना चहा मागवायचे. चहा पिता पिता एखाद्याची नजर स्क्रीनकडं गेली आणि तिथंच रेंगाळली की हे उठायचेच. "बगितलंस ना? मग बिगडलं." चाललं परत काम. मागचं काम लोकांनी बघितलं तर ते वाया गेलं, असा त्यांचा कायदा. आता ज्या धंद्यात गिऱ्हाईक येऊन सांगतं, 'मागं जरा जाळ टाका, वीज टाका', तिथं हा कायदा कसा चालायचा? नाहीच चालायचा.

आमच्या भागातले एक पुढारी, त्या भाऊंच्या वाढदिवसाची गोष्ट. भाऊंची पोरं आली. "मागनं वाघ आला पायजे राव. गरजत."

सरांनी दिवसच्या दिवस वाघांचे व्हिडिओ बघण्यात घालवले. मग लूप दाखवला. उंच गवत, लांबवर वाघ उभा, आणि मधेच कधीतरी त्याचा एक कान हलतो. बस्स. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, ह्यो वाघ हाय का कुणाचं जनावर चरायला सोडलंय?"

"वाघ हाय ना? मग आणखी काय करायचं त्यानं?" सर म्हणाले. "वरडतंय ते कुत्रं."

शेठ खुर्चीतून उठलेच. कारण भाऊ दिवसभर ओरडतच असायचे. शेठनं पोरांना थंडगार काहीतरी पाजलं आणि स्वतः बसून गरजणारा वाघ टाकला, वर विजा. सर मागून बघत म्हणाले, "आता भाऊकडं कोण बगंल?" झालंही तसंच. कार्यक्रमाचे जेवढे व्हिडिओ फिरले त्यात सगळ्यांनी वाघच काढला होता, भाऊंचा एक खांदा दिसत होता.

दहाव्याच्या वेळी मात्र त्यांचं चाललं. आमच्या भागात दहाव्याला घाटावर प्रवचन असतं, पुढाऱ्यांची भाषणं असतात, आणि हल्ली ट्रकवर उभी केलेली एलईडी स्क्रीनही असते. गेलेल्याचा फोटो, मागं आकाश, खाली समई. शेठचं म्हणणं, ज्योत हलली पाहिजे. सरांनी ती स्थिर ठेवली.

"काका, लोकांना वाटंल व्हिडिओ अडकला."

"त्या घरात सगळं हालायलंय दहा दिस. एक दिवा तरी गप बसू द्या."

शेठनं ज्योत तशीच राहू दिली. त्यांच्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

असा हा माणूस. मला हसू यायचं, वैतागही यायचा, आणि घरी जाऊन मी आईला रोज एक किस्सा सांगायचे. आई त्यांना 'त्यो येडा' म्हणायची. आमचं घर दापोडीत, रेल्वेलाइनला लागून. दोन खोल्या. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि आईला एकच घोर, माझं लग्न. माझं वय निघून चाललंय हे तिला शेजारणींनी सांगून सांगून पाठ करवलं होतं.

आणि एक स्थळ आलं. पिंपरीतल्या ओळखीच्या एका काकूंनी आणलं. मुलगा चाकणच्या कंपनीत इंजिनिअर, कंपनीनं जर्मनीला पाठवलेला. आईवडील साताऱ्याला. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला. ते म्हणाले, आधी व्हिडिओवर बघू, मुलगाही तिकडून येईल, मग घरी येऊ. आईनं फोन ठेवला आणि घराकडं बघितलं. मीही बघितलं. एका भिंतीला ओल, दुसऱ्या भिंतीला गॅसची टाकी, मधून कपड्यांची दोरी.

"तुमी लोकांच्या मागं म्हाल उभं करता," आई म्हणाली. "माझ्या पोरीच्या मागं एक भिंत न्हाई व्हय उभी करता येत?"

"पण आई, शेवटी घर तर बघणारच ना ते?"

"आधी पोरगी बघू दे. पसंत पडली की घर पण गोड लागतं."

मी सरांना भीत भीतच विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते इतके खूश झाले की त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं हेच खरं बॅकग्राउंड. पाहुण्यांनी बाईकडं बघावं, आणि मागं काय होतं ते त्यांना घरी गेल्यावर आठवूसुद्धा नये.

एका दुपारी ते घर बघायला आले. खाली सतरंजीवर बसले, चहा घेतला, आईकडं एकदाही बघितलं नाही. तेवढ्यात लोणावळा लोकल गेली. भांडी वाजली. त्यांनी कप खाली ठेवला.

"भिंत करतो, ताई. पण आवाजाचं काय?"

"कसला आवाज?" आई म्हणाली. आम्हाला तो ऐकूच येत नाही.

"पाव्हण्यांना येणार. भारी घर हाय, मग ही गाडी कुठून आली, आसं मनात आलं की ते मागं बगणार. आवाजाला कारण पायजे."

आणि त्यांनी कारण बनवलं. मोतिया रंगाची भिंत, एक कुंडी, एक खिडकी, खिडकीला पातळ पडदा. खिडकीतून लांबवर झाडं, आणि झाडांच्या मागून लोकल जाते. एक पुण्याकडं, एक लोणावळ्याकडं. बाहेर गाडी वाजली की कळ दाबायची, चित्रात गाडी जाणार. लांबून जाणारी, छोटीशी, नीटनेटकी. त्यासाठी त्यांनी दापोडीच्या फलाटावर जाऊन लोकलचे डबे बघितले, रंग बघितला. आईचं म्हणणं एकच, "वर एक झुंबर टाका की." त्यांनी टाकलं नाही.

रविवारी सकाळी ते स्टुडिओतला हिरवा पडदा घेऊन आले. आमच्या कामात मागं हिरवं कापड लावतात. जिथं हिरवं दिसेल तिथं कॉम्प्युटर आपलं चित्र भरतो. आईनं माझ्यासाठी नेमकी हिरवी साडी काढली होती, शुभ म्हणून. सरांना घामच फुटला. "ताई, ही नेसली तर पाव्हण्यांना नुसतं मुंडकं दिसंल पोरीचं!" मग जांभळी नेसले. हिरव्या बांगड्याही काढल्या. पडदा कपड्यांच्या दोरीवर टाकला, पुढं मी खुर्चीत, टेबलावर लॅपटॉप, आणि पडद्यामागं पत्र्याच्या पेटीवर सर, मांडीवर एक सुटा कीबोर्ड घेऊन. गाडी ऐकू आली की कळ दाबायला. आई आतल्या दारात उभी.

कॉल लागला. साताऱ्याहून मुलाचे आईवडील, जर्मनीतून मुलगा. चहापोह्यांशिवाय झाला तरी कार्यक्रम तो कार्यक्रमच. स्वयंपाक, शिक्षण, तिकडं थंडी फार असते, चालेल का. मधेच बाहेर लोकल आली, आणि माझ्या मागच्या खिडकीतून ती अशी सुरेख गेली की विचारू नका. मुलाची आई म्हणाली, "अगंबाई, गाडी दिसते वाटतं घरातून! छान हवेशीर घर आहे हो." आईचा चेहरा उजळला. पडद्यामागून मात्र हलकासा च्च आला. पाहुण्यांनी मागं बघितलं होतं ना.

मुलानं विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करता?"

"व्हिडिओत माणसाच्या मागं जे असतं, ते बनवते."

"मग पुढं कोण असतं?"

"ते बदलत असतं," मी म्हणाले. तो हसला. बोलताना नाक चोळायची त्याला सवय होती. मला तो आवडला. स्पष्टच सांगते, फार आवडला. हे जमावं असं मला त्या क्षणी आईपेक्षा जास्त वाटत होतं.

आणि मालगाडी आली.

सरांनी लोकलचा सगळा अभ्यास केला होता. मालगाडी म्हणून काही असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी आवाज ऐकून कळ दाबली, लोकल गेली. आवाज सुरूच. पुन्हा दाबली, पुन्हा लोकल गेली. आवाज वाढला. तिसऱ्यांदा दाबली. गडबडीत मग दुसरी कळ, ती लोकल उलटी परत आली. मला लॅपटॉपवर माझ्याच मागं हे सगळं दिसत होतं आणि मी थंडीबद्दल बोलत होते. मुलाचे वडील पुढं वाकले. "अहो, एकामागं एक किती गाड्या जातात तुमच्याकडं?"

मालगाडी घरावरून गेल्यागत जाते. भांडी वाजली, भिंत हादरली, दोरीचा खिळा निघाला आणि हिरवा पडदा सरांच्या अंगावर पडला. आता स्क्रीनवर काय दिसलं असेल बघा. आमची ओल आलेली खरी भिंत, गॅसची टाकी, आणि मधे पडदा पडला होता तेवढ्यातच मोतिया भिंत, कुंडी, खिडकी. ती खिडकी धडपडत होती. तिच्यातून आधी एक हात आला, मग चष्मा वाकडा झालेलं एक डोकं.

मुलाच्या आईनं विचारलं, "हे कोण?"

मी काय सांगणार? दोन बायकांचं घर, त्यातली एक विधवा, आणि सकाळी सकाळी पडद्यामागं परका पुरुष. तेवढ्यात आई दारातून पुढं आली, पदर सावरला, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "मुलीचा मामा."

"मामा? मग मामा पडद्यामागं काय करत होते?"

सर उठून उभे राहिले. डोक्यावर अजून निम्मा पडदा. हात जोडले आणि खरं तेच सांगितलं.

"गाडी चालवायलो होतो."

जर्मनीतला मुलगा हसायला लागला. असा हसला की खुर्चीतून वाकला. मी सांगते, त्याच्या मनात 'नाही' नव्हतं. पण त्याची आई हसली नाही. "बरं. कळवतो आम्ही," म्हणाली. 'कळवतो'चा अर्थ आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतो.

पिंपरीच्या काकूंचा दोन दिवसांनी फोन आला. "पत्रिकेबरोबर जी माहिती दिली त्यात मामा नाही म्हणून लिहिलंय, आणि तुमच्या पडद्यामागनं मामा निघतो! लोकांनी काय समजायचं? भिंत खोटी, गाडी खोटी, मामा खोटा. पोरगी तरी खरी आहे का म्हणाल्या त्या." आईनं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

मी रडले. खूप रडले, आणि सगळा राग सरांवर काढला. साधी भिंत पुरली असती. भिंतीत खिडकी कशाला, खिडकीत गाडी कशाला? कुणी सांगितलं होतं? पाहुण्यांना आवाज आला असता तर मी सांगितलं असतं, इथून लोकल जाते म्हणून. संपलं. लोक काय रेल्वेजवळ राहत नाहीत?

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते ऐकत राहिले. "मालगाडी ध्यानात न्हाई आली, बाई," एवढंच म्हणाले. मग मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कामापुरतं हो-नाही. ते डबा घेऊन खाली वर्कशॉपमध्ये जायला लागले. शेठनं विचारलं, काय झालं, तर दोघांनीही सांगितलं नाही.

दिवाळी आली. सगळे आपापल्या गावी गेले. सर गेले नाहीत. शेठनं सांगितलं, काका सुट्टीतही स्टुडिओतच बसतात, किल्ली त्यांच्याकडंच असते. हे मी घरी सहज बोलून गेले.

आईला भाऊ नाही. चौघी बहिणीच. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी आईही ओवाळायची. लाइनच्या कडेला ताट घेऊन उभी राहायची, वर बघायची, घरात यायची. कधी त्याबद्दल बोलली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला सकाळीच तिनं ताट भरलं. निरांजन, सुपारी, कुंकू, करंज्या. वर रुमाल बांधला.

"चल, चिखलीला जायचंय."

"कशाला? त्यांच्यामुळं..."

"पाव्हण्यांसमोर भाऊ म्हणलेय मी त्याला. लग्न मोडलं म्हणून काय शब्द पण मोडला व्हय?"

मी कपाळाला हात लावला. पण गेले. बसमध्ये आईनं ताट मांडीवरून हलू दिलं नाही. बाजूच्या बाईनं विचारलं, "भावाकडं?" आई म्हणाली, "व्हय, चिखलीला असतो." इतकं सहज म्हणाली की मी तिच्याकडं बघतच राहिले.

वर्कशॉप बंद होतं. वर सर एकटेच, स्क्रीनपुढं. आम्हाला बघून उठले, आणि माझ्याकडं बघून जास्तच गोंधळले. "ताई, तुमी? काय झालं?"

"काय व्हायचंय? भाऊबीज हाय आज," आई म्हणाली. "बसा तिथं."

बसायला जागा म्हणजे शूटिंगचं स्टूल, हिरव्या पडद्यापुढं. ते बसले. आईनं निरांजन लावलं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर, मग पुन्हा गुडघ्यांवर. आजवर कुणी त्यांच्या समोर येऊन असं त्यांच्याकडं बघितलं नसावं. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. मान वळवली आणि मागच्या पडद्याकडं बघत राहिले. माझा राग तिथल्या तिथं गेला असं नाही, पण निरांजनाला वारा लागत होता, मी जाऊन पंखा बंद केला.

आईच्या बोटावर कुंकू होतं. ती थांबली, थांबली, आणि मग तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"मागं काय बघतोस रं?" ती म्हणाली. "हिकडं बघ. टिळा वाकडा व्हईल."